चोर्ला घाटासाठी आरामाची बाईक कुठली?

डिचोलीकर: आई-बाबा बेळगावला, त्यामुळे चोर्ला घाट नेहमीचा. सध्याच्या बाईकला क्लिप-ऑन हँडल, म्हणजे खाली वाकून धरायचं. उतारावर सगळा भार मनगटांवर येतो. कावासाकीची निन्जा ६५० घेऊ की व्हर्सिस ६५०? वळणांतली मजा सोडवत नाही.

म्हापशेकर: इंजिन मुळात एकच, ६४९ सीसी पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडर. व्हर्सिसचं हँडल उंच, सस्पेन्शन लांब, टाकी २१ लिटरची, निन्जाची १५. मी तर व्हर्सिसच म्हणेन. पावसाळ्यातले खड्डे आठव!

मडगावकर: व्हर्सिसची सीट ८४५ मिलिमीटर उंच आहे हं. चढावरच्या वळणात थांबलास तर पाय टेकायला हवा. शोरूममध्ये बूट घालूनच बसून बघ.

डिचोलीकर: उंची साडेपाच फूट. बायको मागे बसली की सीट दबेल ना?

म्हापशेकर: दबेल. पण सामानही असेल तर प्रीलोड, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा ताण, वाढवावाच लागतो, मग परत उंच. तिला घेऊनच टेस्ट राईडला जा.