न्यू ऑर्लीन्सचा जॅझ फेस्ट: शनिवार-रविवारात काय ऐकावं, कुठे बसावं?

वाटसरू_हूस्टन (प्रश्न)

न्यू ऑर्लीन्स जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हलची एका वीकेंडची शनिवार-रविवारची तिकिटं काढली आहेत. हूस्टनहून गाडीने जाणार. सोबत सासूबाई आहेत. वय ७१, गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहणं जमत नाही, आणि पूर्ण शाकाहारी. घरात शास्त्रीय संगीत ऐकणारे सगळे, जॅझ मात्र नुसतं कानावरून गेलेलं.

एकाच वेळी डझनभर ठिकाणी कार्यक्रम चालतात म्हणे. गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीतं), ब्लूज, ब्रास बँड, झायडेको, आधुनिक जॅझ, आणि मोठ्या मंचावर पॉपवाले. दोन दिवसांत यातलं काय निवडावं? सासूबाईंना बसून कुठे ऐकता येईल? आणि गाणं चालू असताना नेमकं काय ऐकायचं, हेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

चौघडा

आधी बसण्याचं बघू, कारण निवड त्यावरच ठरते. चार मोठे तंबू आहेत: जॅझ, ब्लूज, गॉस्पेल आणि इकॉनॉमी हॉल. चारही ठिकाणी डोक्यावर छप्पर आणि बसायला खुर्च्या. फेस्टिव्हल स्टेज, जेंटिली स्टेज आणि काँगो स्क्वेअर हे तीन मोठे मंच मात्र उघड्यावर. तिथे घडीची खुर्ची नेता येते, पण अगदी समोरच्या पट्ट्यात मांडू देत नाहीत. सासूबाईंसाठी तंबूच बरे.

माझं स्पष्ट मत: मोठ्या नावांच्या मागे धावू नका. पॉपचे मोठे गायक कुठल्याही शहरात ऐकायला मिळतील. इकॉनॉमी हॉलमध्ये जुन्या धाटणीचं जे जॅझ वाजतं ते या शहराबाहेर क्वचितच या ताकदीने ऐकायला मिळतं. ट्रंपेटवर मूळ चाल, तिच्यावरून क्लॅरिनेटच्या पळत्या ताना, खालून ट्रॉम्बोनच्या मींडेसारख्या घसरणाऱ्या जागा, आणि हे तिघंही एकाच वेळी उत्स्फूर्त वाजवतात. त्या तंबूत शेवटच्या एक-दोन गाण्यांना लोक छत्र्या नाचवत खुर्च्यांभोवती मिरवणूक काढतात, म्हणून सासूबाईंना रांगेच्या कडेची खुर्ची देऊ नका. येणारे-जाणारे गुडघ्याला धडकतात.

वेळापत्रक चौकटींच्या तक्त्यात छापतात, लोक त्याला 'क्यूब्ज' म्हणतात. सकाळी ११ ते संध्याकाळी ७. एकेक कार्यक्रम साधारण पाऊण ते सव्वा तासाचा. तक्ता हातात आला की दिवसाला चारच कार्यक्रमांवर खूण करा, सहा-सात नको. फेस्टिव्हल स्टेज आणि जेंटिली स्टेज मैदानाच्या दोन टोकांना आहेत. संध्याकाळच्या गर्दीत एकीकडून दुसरीकडे जायला वीस-पंचवीस मिनिटं धरा. एकाचा शेवट बुडवून दुसऱ्याची सुरुवात गाठायला निघालात की दोन्ही हुकतात.

तंबूत जागा मिळवायची युक्ती: आधीचा कार्यक्रम संपायला दहा मिनिटं असताना आत शिरा आणि मागे थांबा. लोक उठले की पुढे सरका. नवा कार्यक्रम सुरू झाल्यावर आलात तर जागा उरते ती कडेला, आणि तिथे बाहेरच्या मोठ्या मंचाचा बास आत घुसतो. जॅझ तंबूत हळू लयीचं काही चालू असेल तर तो फार खुपतो. मधल्या पट्ट्यात पुढून सात-आठ रांगांच्या आत बसा.

दुपारी २ ते ४ उन्हाचा आणि दमटपणाचा कडाका असतो. तेव्हा सासूबाईंना ग्रँडस्टँडच्या इमारतीत न्या. ही जागा मुळात घोड्यांच्या शर्यतींची आहे, त्यामुळे आत वातानुकूलित दालनं आहेत आणि पक्की स्वच्छतागृहं आहेत. ॲलिसन मायनर मंचही तिथेच. त्यावर वादकांच्या मुलाखती होतात, मध्येमध्ये वाजवूनही दाखवतात.

लयवेडा

शास्त्रीय ऐकणाऱ्यांना आत शिरायला सगळ्यात सोपं दार म्हणजे मात्रा मोजणं.

ब्लूज बहुतेक वेळा १२ बारचा, एका बारात ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. खालचे स्वर धरणारा बासवाला कुठल्या स्वरावर आहे ते ऐका. १ ते १६ सा, १७ ते २४ मध्यम, २५ ते ३२ परत सा, ३३ ते ३६ पंचम, ३७ ते ४० मध्यम, ४१ ते ४८ सा. शेवटच्या चार मात्रांत अनेकदा पंचमाला जाऊन समेवर येतात. काही वादक दुसऱ्याच बारात, ५ ते ८ मात्रांना, मध्यमावर जाऊन येतात. तिथे मोजणी चुकली असं समजू नका. ब्लूज तंबूत एक पूर्ण कार्यक्रम असा मोजत ऐकला की पुढे जॅझ तंबूतलं बरंच आपोआप उलगडतं.

दुसरं नेहमीचं आवर्तन ३२ बारचं, १२८ मात्रा. आठ बारचा तुकडा दोनदा, मग निराळा तुकडा, मग पहिला परत. वाट चुकलात तर त्या निराळ्या तुकड्याची वाट बघा, तो ६५ ते ९६ मात्रांत येतो आणि वळण लगेच कळतं. मांडणी अशी: आधी मूळ चाल सगळे मिळून, मग एकेकाचा विस्तार त्याच आवर्तनावर, मग बऱ्याचदा ड्रमवाल्याशी चार-चार बारचे सवाल-जवाब, शेवटी मूळ चाल परत.

आपल्याकडचे श्रोते दोन ठिकाणी अडखळतात. एक, सम शोधायला बास ड्रमवर कान ठेवतात. आधुनिक जॅझमध्ये बास ड्रम समेची हमी देत नाही. लय वरच्या मोठ्या झांजेवर चालते, आणि पायाने मिटणारी जोडझांज २ आणि ४ वर वाजते. टाळीही २ आणि ४ वरच द्यायची. गॉस्पेल तंबूत सगळा तंबू टाळ्या वाजवत असतो, तिथे १ आणि ३ ची सवय सुटायला दोन गाणी पुरतात.

दुसरा अडथळा मोठा आहे. आपण एक षड्ज मनात धरून बसतो आणि तो हलवायला तयार नसतो. जॅझमध्ये आधार बासबरोबर सरकतो. तुम्ही सा घट्ट धरून ठेवलात तर ६५व्या मात्रेनंतर सगळं बेसूर वाटेल. बासच्या स्वराला तात्पुरता षड्ज मानून वरची ओळ ऐका, की तोच स्वर कसा रंग बदलतो ते कळतं. जॅझ तंबूत टेरेन्स ब्लँचर्ड, निकोलस पेटन किंवा डोनाल्ड हॅरिसन यांच्यापैकी कुणी तक्त्यात दिसलं तर त्यावर पहिली खूण करा. तिघंही याच शहराचे.

सुसाफोन

वरच्या दोघांनी तंबू सांगितले, पण ब्रास बँड उघड्यावरच ऐकायचा असतो. त्यात सगळे ड्रम वाजवणारा एकच बसलेला वादक नसतो. साइड ड्रम एकाकडे, बास ड्रम दुसऱ्याकडे. बास ड्रमच्या डोक्यावर एक छोटी झांज घट्ट बसवलेली असते. वादक एका हातात काठी धरतो आणि दुसऱ्या हातात जाड वाकवलेली तार किंवा चक्क स्क्रू-ड्रायव्हर, आणि झांज त्याने वाजवतो. तो कोरडा टणत्कार एकदा ओळखीचा झाला की मिरवणूक लांबूनही कळते. बासचं काम सुसाफोनकडे, अंगाभोवती वेढलेलं, आपल्या लग्नाच्या बँडातही दिसतं तेच वाद्य.

ठेका असा मोजा: दोन बारच्या आठ मात्रा, आणि बास ड्रमचा मोठा ठोका आठवीवर. समेवर जोर अपेक्षित धरला तर पाय सतत उलटा पडेल. ट्रेमे ब्रास बँड जुन्या धाटणीचा आहे. १९७७चा डर्टी डझन आणि १९८३चा रिबर्थ यांनी त्यात फंक आणलं. एक जुना आणि एक नवा असे दोन ऐकलेत तर फरक स्वच्छ कळेल. बँडच्या पुढ्यात उभं राहणार असाल तर संगीत ऐकायचे कानबोळे न्या, १५ ते २० डेसिबल कमी करणारे. फोमचे साधे बोळे वरचे स्वर खातात आणि क्लॅरिनेट, झांज दोन्ही दबून जातात.

मार्डी ग्रा इंडियन म्हणजे मणी आणि पिसांचे प्रचंड पोशाख घालून मिरवणारे इथले कृष्णवर्णीय समूह. पोशाख स्वतः शिवतात, एकेकाला वर्षभर लागतं. साथीला डफलीसारखे टँबरीन आणि ढोल, एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. भजनी मंडळात बसलेल्या माणसाला ही देवाणघेवाण लगेच भिडेल. मैदानातून त्यांची मिरवणूक जाते तेव्हा वाट मोकळी ठेवा. फोटो काढा, पण पिसांना हात लावू नका.

झायडेको आणि केजन या लुईझियानाच्या दोन संगीतप्रकारांची गल्लत होते. दोन्ही फे-दो-दो स्टेजवर असतात, दोन्हीत अकॉर्डियन. फिडल आणि त्रिकोणी सळई पुढे असेल तर केजन. छातीवर पत्र्याचं जाकीट चढवून ते बाटली उघडायच्या चाव्यांनी खरवडणारा माणूस दिसला तर झायडेको. ते पत्र्याचं वाद्य १९४६ मध्ये क्लिफ्टन शेनिये यांनी आखलं आणि विली लँड्री यांनी घडवलं. त्याआधी कपडे धुवायची फळी गळ्यात अडकवत.

पानसुपारी

शाकाहाराबद्दल. गंबो म्हणजे इथला दाट रस्सेदार पदार्थ, तो टाळा, भाज्यांचा दिसला तरी रस्सा बहुधा मांसाचा किंवा माशांचा असतो. राजम्यासारखे 'रेड बीन्स' नेहमीच्या रीतीत सॉसेज घालून शिजवतात, म्हणून नुसतं 'वर सॉसेज घालू नका' सांगून भागत नाही. शिजवताना काय घातलंय ते विचारा. आफ्रिकन पदार्थांच्या स्टॉलवर जामा-जामा म्हणजे परतलेला पालक आणि सोबत तळलेली केळी मिळतात, सासूबाईंना ते चालेल. उन्हात मँगो फ्रीझ घ्या. रेडिओ स्टेशन डब्ल्यूडब्ल्यूओझेडच्या स्टॉलवर मिळतं. हेच स्टेशन गाडीत ९०.७ एफएमवर लावून ठेवा, रात्री क्लबांत कोण वाजवणार ते सांगतात.

वाटसरू_हूस्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. गाडी मैदानापर्यंत न्यावी का? आणि रविवारी शेवटच्या तासाला फेस्टिव्हल स्टेजची गर्दी टाळून काय ऐकता येईल?

चौघडा

गाडी हॉटेलवरच ठेवा. मैदानाभोवती वस्ती आहे, पार्किंग नाहीच म्हणा. कॅनल स्ट्रीटवरून ट्राम घ्या, पण पाटी 'सिटी पार्क'ची बघा. 'सेमेटरीज' पाटीची ट्राम त्याच रुळांवरून निघते आणि पुढे सरळ भलतीकडे जाते, नवखे लोक हमखास तिच्यात चढतात. सिटी पार्कच्या शेवटच्या थांब्यापासून एस्प्लनेड रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. सासूबाईंना ते जड जाईल, त्यांच्यासाठी डाउनटाउनहून निघणारी फेस्टिव्हलची शटल बस घ्या. ती मैदानाच्या दारात सोडते. तिचं तिकीट वेगळं असतं, आधी काढून ठेवा.

रविवारी शेवटी गॉस्पेल तंबूत जा. मोठ्या मंचाकडे लोंढा वळलेला असतो, त्यामुळे पुढची जागा मिळण्याची शक्यता बरीच. १९७० साली काँगो स्क्वेअरमध्ये हा उत्सव सुरू झाला तेव्हा गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन आणि जॅझचे संगीतकार ड्यूक एलिंग्टन दोघंही तिथे होते. गॉस्पेल इथे पहिल्या दिवसापासून आहे, तोंडी लावायला आणलेलं नाही. वृंदगान सुरू झालं की मधली मुख्य गायिका आणि मागचा कोरस यांच्यातलं अंतर ऐका. ती ओळ ताणत मात्रेच्या मागे राहते, कोरस मात्र बरोबर मात्रेवर पडतो.

७ वाजता सगळे मंच एकदम थांबतात आणि दारावर चेंगराचेंगरी होते. शेवटचं गाणं संपल्यावर वीस मिनिटं तंबूतच बसून राहा, मग निघा.

सुसाफोन

हूस्टनहून येताना शुक्रवारी दुपारी निघू नका. आय-१० महामार्गावर साधारण ३५० मैल, एरवी साडेपाच-सहा तास. पण बॅटन रूजला मिसिसिपीवरच्या पुलाआधी वाहतूक तुंबते आणि तिथे तासभर सहज जातो. त्याआधी अचाफलाया दलदलीवरचा १८ मैलांचा पूल आहे, त्यावर अपघात झाला की वाटेत बाहेर पडायला फारशी जागा नाही. सकाळी ७ च्या आत निघालात तर बॅटन रूज गर्दीआधी ओलांडता येतं. जेवण आणि स्वच्छतागृह दोन्ही लाफायेतलाच उरकून घ्या.