पेशीविभाजनाचा ब्रेक दाखवणारा प्रयोग सुचवा (बीएस्सी, रत्नागिरी)

वहाळकाठ: तृतीय वर्षाचा प्रकल्प आहे. अवयव पुन्हा वाढताना पेशीविभाजन सुरू-बंद करणारी प्रथिने, हा विषय. साधा सूक्ष्मदर्शक आहे, प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या अँटिबॉडीला पैसे नाहीत. झेब्राफिशची शेपटी कापावी का?

सूक्ष्मदर्शी: नको. पृष्ठवंशी प्राणी म्हणजे आधी नीती समितीची परवानगी. तोवर सेमिस्टर संपेल. प्लॅनेरिया (गोड्या पाण्यातली चपटी अळी) घ्या. तिच्यात विभाजन पावणाऱ्या पेशी एकाच गटातल्या, निओब्लास्ट. संध्याकाळी सावलीतल्या वहाळात कोंबडीच्या कलेजीचा तुकडा दोऱ्याला बांधून दगडाखाली सोडा, तासाभराने बघा. पोफळीच्या बागेखालचा वहाळ टाळा, तिथे बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारतात आणि तांबं यांना मारक. कापण्याआधी सात दिवस उपाशी ठेवा. बर्फावर ओला फिल्टर पेपर, नवं ब्लेड, ग्रसनीच्या (अंगाच्या मध्यावरच्या खाण्याच्या नळीच्या) पुढे एकच काप.

जांभा: पाण्याकडे बघा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. त्यापेक्षा डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ०.१ ग्रॅम खाण्याचा सोडा, तितकंच आयोडीन नसलेलं मीठ आणि ०.१५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट. तापमान १८ ते २२ अंश. एप्रिल-मेमध्ये हात लावू नका, उकाड्यात प्राणी विरघळतात. दमट हवेत मडकंही पुरेसं गार होत नाही. थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या बाटल्या बऱ्या.

वहाळकाठ: हे जमेल. पण यात प्रथिन कुठे दिसणार?

सूक्ष्मदर्शी: दिसणार नाही, त्याच्या कामाची खूण दिसेल. कापल्यावर विभाजनाच्या दोन लाटा येतात: सुमारे सहा तासांनी अंगभर, सुमारे ४८ तासांनी जखमेपाशी. नुसती चीर दिली तर पहिलीच येते. ऊतक खरोखर गेलंय ही खबर पोचवण्यात फॉलिस्टॅटिन या प्रथिनाचा हात आहे. ते अ‍ॅक्टिव्हिनला, म्हणजे इथे ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाला, बांधून ठेवतं. फॉलिस्टॅटिनचा जनुक दाबला की डोकं येत नाही. सोबत अ‍ॅक्टिव्हिनही दाबलं की पुन्हा येतं. म्हणजे इथे ब्रेक सुटतो, म्हणून वाढ. सस्तन प्राण्यांत हेच फॉलिस्टॅटिन मायोस्टॅटिनलाही अडवतं. १९९७ मध्ये मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट निघाले, मायोस्टॅटिन हे अ‍ॅक्टिव्हिनच्याच घराण्यातलं प्रथिन.

तीन डिश लावा: कापलेले, चीर दिलेले, न छेडलेले. प्रत्येकी दहा. जखमेपाशी पांढुरकी, रंगद्रव्य नसलेली टोपी येते ती मोजा. डोळ्यांचे ठिपके साधारण पाच-सहा दिवसांत. फोटो प्राणी सरपटत ताणलेला असतानाच, खाली पट्टी ठेवून. टोपीचं क्षेत्रफळ शरीराच्या क्षेत्रफळाने भागा, कारण उपाशी प्लॅनेरिया आक्रसत जातात.

जांभा: आणि अहवालात "फॉलिस्टॅटिनचा परिणाम" असं शीर्षक देऊ नका. जनुक दाबलेला नाही, परीक्षक तिथेच धरतील. "चीर आणि छेद यांतील वाढीचा फरक" पुरे. प्रथिनं चर्चेत आणा.