'ग्राफिक मेडिसिन'ला मराठीत काय म्हणाल?

मूळ प्रश्न

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मला आजारपणावरच्या कॉमिक्सबद्दल बोलायचं आहे. इंग्रजीत याला 'ग्राफिक मेडिसिन' म्हणतात. इयन विल्यम्स या ब्रिटिश डॉक्टर-व्यंगचित्रकारानं २००७ मध्ये हे नाव दिलं. रुग्ण, डॉक्टर, नर्स, घरची माणसं अशा कुणीही आपल्यावर गुदरलेलं चित्रांतून सांगायचं आणि बाकीच्यांनी ते वाचायचं, असा हा प्रकार. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मायकेल ग्रीन हे डॉक्टर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून अशी कॉमिक्स वाचून घेतात आणि काढूनही घेतात.

मला शब्द हवेत. प्रकाराचं नाव म्हणून 'चित्रवैद्यक' आणि 'चित्रोपचार' सुचलेत. 'केअरगिव्हर'ला, म्हणजे आजारी माणसाचं सगळं बघणाऱ्याला, वर्तमानपत्रात 'काळजीवाहू' वाचलं, पण तो शब्द आला की पुढे 'मुख्यमंत्री' येणार असंच वाटतं. शिवाय दोन चौकटींमध्ये जी कोरी जागा सुटते तिला इंग्रजीत 'गटर' म्हणतात. मराठीत गटर म्हणजे सांडपाण्याचंच, त्यामुळे तो तसाच घेववत नाही.

विचारण्यामागचं कारण घरचं आहे. बाबांना अर्धांगवायू होऊन चौदा महिने झाले. त्यांचं सगळं आई आणि मी करतो. मीही वहीत थोडं काढत असते.

प्रतिसाद

'चित्रोपचार' नको. त्याचा अर्थ चित्रं काढायला लावून बरं करणं, म्हणजे आर्ट थेरपी, असा होईल. 'चित्रवैद्यक'वरून मला आधी एक्स-रे आणि सोनोग्राफी आठवली.

प्रतिसाद

ताई, 'शुश्रूषा' हा शब्द आपल्याकडे आहेच, मात्र त्याच्या पोटात काय आहे ते बघा. 'श्रु' म्हणजे ऐकणं. त्या धातूचं इच्छार्थक रूप म्हणजे शुश्रूषा, ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकण्याची इच्छा, त्यावरून त्याची सेवा आणि पुढे आजारी माणसाची सेवा, असा अर्थ सरकत गेला. (पुष्कळ जण 'सुश्रुषा' लिहितात. बहुधा सुश्रुताचं नाव मनात असतं. पहिला शु ऱ्हस्व, दुसरा श्रू दीर्घ, आणि स नव्हे, श.) जो रुग्णाचं ऐकून घेऊ इच्छितो तोच त्याची शुश्रूषा करतो, हे शब्दातच आहे. तुम्ही सांगता ती पुस्तकं मुळात हेच मागत असावीत.

'केअरगिव्हर'साठी चरकसंहितेत एक शब्द आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. त्याचे गुणही चार: उपचारांची माहिती, दक्षता, रुग्णाविषयी माया आणि स्वच्छता. त्याला वैद्याच्या हाताखालचा न मानता चार पायांपैकी एक मानलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रतिसाद

मी सदतीस वर्षं सरकारी रुग्णालयांत नर्स होते. सरांचा 'उपस्थाता' वाचून अंगावर काटा आला, कारण वॉर्डात आम्ही रोज तेच विचारायचो, फक्त आमच्या शब्दांत: "रात्री सोबतीला कोण आहे?" फॉर्मवर 'नातेवाईक' असतं, तोंडात मात्र 'सोबत'. सोबत नातेवाइकाचीच असते असं नाही. शेजारीण असते, ब्यूरोची मावशी असते, कधी बाजूच्या खाटेवरच्या पेशंटची मुलगी दोघांचं बघते.

घरी बायका काय म्हणतात? "तिनं सासूचं शेवटपर्यंत केलं." एवढंच. काय केलं ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. त्या 'केलं'मध्ये रात्रीचं उठणं, भांडं देणं, चादर बदलणं, भरवताना ठसका लागला की पाठीवरून हात फिरवणं, सगळं येतं आणि त्यातलं काहीही दिसत नाही. म्हणून मला या कॉमिक्सचं महत्त्व वाटतं. चित्रात 'केलं' असं काढता येत नाही, काय केलं तेच काढावं लागतं.

एम. के. सर्विक या नर्सचं 'टेकिंग टर्न्स' (२०१७) हे कॉमिक मी नातवाकडून मागवून वाचलं. शिकागोच्या रुग्णालयातला ३७१ क्रमांकाचा एड्स कक्ष, १९९० च्या दशकातला. त्याच काळात आमच्याकडेही असे पेशंट यायचे आणि त्यांच्या खाटेजवळ जायला माणसं कचरायची. ते पुस्तक वाचताना माझ्या काही खाटा मला परत दिसल्या.

आणि ताई, तुमच्या वहीसाठीचा शब्द तुम्ही स्वतःच वापरलाय. चित्र काढतात, तसं आजारपणही काढतात. "लेकीचं बाळंतपण काढलं", "वडिलांचं आजारपण काढलं" असं आपण म्हणतोच की.

प्रतिसाद

वा! 'आजारपण' हाच शब्द धरून ठेवा. 'आजार' फारसीतून आला, मूळ अर्थ त्रास, पीडा. पण त्याला लागलेलं 'पण' आपलं. बालपण, म्हातारपण, माहेरपण, बाळंतपण. हे सगळे जगून काढायचे काळ आहेत. रोग डॉक्टरच्या कागदावर असतो, आजारपण घरात असतं, आणि घरातल्या सगळ्यांना ते काढावं लागतं. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत सरसकट 'रोग' लिहून हा फरक बुजवतात, ते मला खटकतं.

प्रतिसाद

'कॉमिक्स' म्हणायचं की 'चित्रकथा'? चित्रकथा म्हटलं की लोकांना देवादिकांच्या गोष्टी आठवतात.

प्रतिसाद

आठवू देत. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारतातली आख्यानं सांगत आले आहेत. चित्र दाखवायचं आणि बोलायचं, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. 'कॉमिक' शब्दात मुळात विनोद आहे. 'चित्रकथा'त तो नाही, त्यामुळे कॅन्सरच्या गोष्टीला हा शब्द उलट जास्त मोकळा आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'आजारपणाच्या चित्रकथा' ठरलं. ब्रायन फाइज यांच्या 'मॉम्स कॅन्सर'पासून सुरुवात करेन. २००४ मध्ये त्यांनी ती नाव न देता इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली आणि २००५ मध्ये तिला कॉमिक्ससाठीचा आयझनर पुरस्कार मिळाला. आईच्या आजारपणात तिघं भावंडं सुपरहिरो होऊन एकमेकांशीच लढतात, असा त्यात एक प्रसंग आहे. ते पान मी आमच्या दादाला पाठवलं होतं. त्यानं उत्तर दिलं नाही, पण त्या शनिवारी तो आला आणि दोन रात्री सोबतीला राहिला.

आता माझ्या वहीबद्दल. बाबांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणून मी एका पानावर बारा चौकटी आखल्या. प्रत्येकीत तोच पलंग, तेच बाबा, एकदा डाव्या कुशीवर, एकदा उताणे, एकदा उजव्या. कोपऱ्यात घड्याळ. पहाटे दोनच्या चौकटीत फक्त माझे हात आहेत, कारण तेव्हा मला माझा चेहरा काढता येईना. चार वाजता आई आहे. दोन आणि चारच्या मध्ये जी कोरी जागा आहे, तेवढीच माझी झोप. तिला काय म्हणू?

प्रतिसाद

डीटीपीत, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावताना, आम्ही सरळ 'गटर'च म्हणतो, सवयीनं काही वाटत नाही. पण तुमचं वाचून 'फट' म्हणावंसं वाटतं. दाराची फट, बोटांमधली फट. अरुंद असते, तरी तिच्यातून पलीकडचं कळतं.

प्रतिसाद

'विसावा' सुचवणार होतो, पण प्रत्येक फट विसाव्याची नसते. फटच बरी.

प्रतिसाद (नर्सताई)

ताई, 'फट' चालेल. एक मात्र विचारते. कुशीवर असलेल्या चौकटींत बाबांच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिसते का? आणि पाठीमागे आधाराला एक? लुळा पडलेला हात अंगाखाली दबलेला नाही ना? वाचनगटात ते पान फिरेल तेव्हा कुणाच्या तरी घरी असाच पलंग असेल. तो माणूस शब्द विसरेल, पण उशी कुठे होती ते त्याच्या लक्षात राहील.

मूळ प्रश्नकर्ती

पाठीमागची आहे. गुडघ्यांमधली आम्ही ठेवतच नव्हतो. आज रात्री दहाला ठेवते आणि पान नव्यानं काढते.