१२१९ एरर आली म्हणून पासवर्ड बदलू नका

दादा, तुमच्या अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात बिलिंगच्या पीसीवर सर्व्हरचं ‘हिशेब’ फोल्डर उघडतं, पण ‘डिझाइन’साठी दुसरं युजरनेम टाकलं की १२१९ एरर येते. तुमच्या प्रश्नाला वर बहुतेकांनी पासवर्ड बदला असं उत्तर दिलंय. कृपा करून तसं करू नका. पासवर्ड चुकला असता तर १३२६ आली असती. १२१९ म्हणजे त्याच सर्व्हरला त्याच पीसीवरून आधीच वेगळ्या नावानं कनेक्शन चालू आहे, आणि विंडोज एका लॉगिनमध्ये एका सर्व्हरसाठी एकच युजरनेम चालवतं. फोल्डर वेगळं असलं तरी सर्व्हर तोच ना!

आधी एक्सप्लोररच्या सगळ्या खिडक्या बंद करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसतं ‘नेट यूज’ (net use) टाइप करा, चालू कनेक्शनं दिसतील. त्यात आयपीसी डॉलर (IPC$, विंडोजचं आतलं छुपं कनेक्शन) नावाचंही असेल तर तेही त्याच सर्व्हरचं, तेच बऱ्याचदा अडकून बसतं. त्या सर्व्हरची सगळी कनेक्शनं, ‘नेट यूज’पुढे एकेकाचं नाव आणि ‘स्लॅश डिलीट’ (/delete) लावून काढा. नावाऐवजी स्टार (*) देऊन सरसकट मात्र काढू नका, टॅलीचा ड्राइव्हही तुटेल आणि बिलिंग थांबेल.

नंतर कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) त्या सर्व्हरची जुनी नोंद पुसा, नाहीतर उद्या तेच.

सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) टाकला की दुसरं युजरनेम चालतं, कारण विंडोज तो वेगळा सर्व्हर समजतं. आजची ऑर्डर अडली असेल तर हे करा. पण माझ्या मते खरा उपाय म्हणजे बिलिंगच्या त्या एकाच युजरला दोन्ही फोल्डरची परवानगी देणं.