राष्ट्रीय कर्जाची चिंता नेमकी कधी करायची, आणि बँकांना लगाम किती घालायचा?

सरळव्याज:
राष्ट्रीय कर्जाचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मिळकतीपेक्षा जास्त उधळलं की दिवाळं ठरलेलं. दुसरा म्हणतो, सरकार स्वतःचं चलन छापतं, त्याचं दिवाळं निघूच शकत नाही. जपानचं कर्ज जीडीपीच्या दुपटीहून जास्त असूनही त्याची पत टिकून आहे. श्रीलंकेचं गुणोत्तर त्याच्या निम्म्याहून कमी होतं, तरी एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाचे हप्ते थांबवावे लागले. मग बघायचा आकडा कोणता? आणि जोडून दुसरा प्रश्न: कर्ज फुगलं की बोट सरकारी खर्चाकडे जातं. खासगी बँकांवरच्या नियमनाचा याच्याशी संबंध असतो का, आणि ते नियमन कुठवर असावं? हिशेब मांडून सांगितलंत तर बरं.

ताळेबंद:
गुणोत्तर चढणार की उतरणार हे तीन आकड्यांवर ठरतं: कर्जावरचा सरासरी व्याजदर, जीडीपीच्या वाढीचा दर (महागाई धरून) आणि प्राथमिक तूट, म्हणजे व्याज वगळून उरणारी तूट.

समजा कर्ज जीडीपीइतकंच आहे, १०० टक्के. व्याज ४, वाढ ६, प्राथमिक तूट शून्य. वर्षाअखेर कर्ज १०४ आणि जीडीपी १०६, म्हणजे मुद्दल न फेडताही गुणोत्तर ९८ वर आलं. आता व्याज ६ आणि वाढ ३ धरा. गुणोत्तर १०३ च्या जवळ जातं. ते १०० वर रोखायचं तर दरवर्षी जीडीपीच्या जवळपास ३ टक्के प्राथमिक शिल्लक काढावी लागते. मंदीत हे करायला जावं तर कर वाढवा नाहीतर खर्च कापा. त्यानं वाढ आणखी मंदावते आणि भागाकारातला छेदच आकसतो. ग्रीसमध्ये २०१० नंतर तूट घटत गेली, तरी गुणोत्तर उतरेना, ते यामुळेच.

उलट उदाहरण अमेरिकेचं. १९४६ मध्ये तिथलं बाजारातलं सरकारी कर्ज जीडीपीच्या १०६ टक्के होतं, १९७४ पर्यंत ते पाव हिश्श्याच्या आसपास आलं. डॉलरमधली रक्कम घटली नव्हती, उलट वाढली होती. अर्थव्यवस्था तिच्यापेक्षा वेगानं वाढली, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत व्याजदर महागाईच्या खाली राहिले. तो तोटा रोखेधारकांनी सोसला. ‘वाढीनं कर्ज आपोआप जिरतं’ म्हणणाऱ्यांनी ही बाजूही सांगायला हवी.

कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ खुंटते, या लक्ष्मणरेषेवर मात्र विसंबू नका. राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात त्यापलीकडे सरासरी वाढ उणे ०.१ टक्के दिसत होती. २०१३ मध्ये इतरांनी आकडेमोड पुन्हा केली. स्प्रेडशीटच्या सरासरीतून काही देशांच्या ओळीच सुटल्या होत्या, काही वर्षं वगळली होती, देशांना दिलेलं वजनही वादग्रस्त होतं. सुधारून आकडा आला २.२ टक्के.

त्यापेक्षा व्याजाला महसुलानं भागा. कर्ज ९० टक्के आणि व्याजदर ४ टक्के असेल तर व्याज जीडीपीच्या ३.६ टक्के होतं. महसूल जीडीपीच्या ४० टक्के असलेल्या देशात ते उत्पन्नाच्या ९ टक्के, १८ टक्के असलेल्या देशात २० टक्के. दुसऱ्या देशात दर पाच रुपयांतला एक रुपया शाळा-दवाखान्यांचा विचार व्हायच्या आधीच संपलेला असतो.

मुदतठेव:
वरच्या हिशेबात दोन गोष्टी घाला: चलन आणि मुदत.

स्वतःच्या चलनातलं कर्ज थकवायची सक्ती होत नाही, पण महागाईचा धोका राहतोच. परक्या चलनातलं कर्ज निर्यातीतून किंवा परकीय गंगाजळीतूनच फेडावं लागतं. स्थानिक चलन ३० टक्के घसरलं, तर तेच डॉलर-कर्ज स्थानिक हिशेबात ४३ टक्के वाढतं. जपानचं कर्ज येनमध्ये आहे, मोठा वाटा देशातल्याच संस्थांकडे, आणि जवळपास निम्मे रोखे मध्यवर्ती बँकेकडे गेले होते. श्रीलंकेला डॉलर लागत होते आणि गंगाजळी आटली होती.

आता मुदत. कर्ज १००, त्यातलं २० यंदा मुदतीला येतं, नवी तूट ३. बाजारातून २३ उभे करायचे. दर ३ टक्क्यांनी वाढले तर जादा व्याज साधारण ०.७. सगळं कर्ज वर्षभराच्या मुदतीचं असेल तर तोच फटका ३.१. म्हणून दर स्वस्त असताना लांब मुदतीचे रोखे विकणारा खजिना शहाणा. ब्रिटनची सरासरी मुदत लांब आहे, पण सुमारे पाव कर्ज महागाईशी जोडलेलं असल्यानं २०२२ मध्ये महागाई भडकल्यावर ते संरक्षण अर्धवटच ठरलं.

सरळव्याज:
ब्रिटनचं कर्ज तर पौंडातच आहे. मग सप्टेंबर २०२२ मध्ये एवढी पळापळ का झाली?

भागभांडवल:
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. २३ सप्टेंबरला तरतुदीविना करकपात जाहीर झाली आणि रोख्यांचे भाव पडले. पेन्शन फंडांनी एलडीआय पद्धतीत (भविष्यातल्या पेन्शनच्या देण्यांशी जुळतील अशी गुंतवणूक करण्याची पद्धत) रोखे तारण ठेवून उसनवारी केलेली होती. भाव पडताच जादा तारणाची मागणी आली, ते भरायला त्यांनी रोखेच विकायला काढले, भाव आणखी पडले. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंड खरेदीला उतरली. तिनं ६५ अब्ज पौंडांपर्यंतची तयारी दाखवली, प्रत्यक्षात लागले १९.३ अब्ज. ठिणगी सरकारची होती, पण वणवा पसरला तो उसनवारीवर कुणाचं नीट लक्ष नव्हतं म्हणून.

आयर्लंड याहून बोलकं आहे. २००७ मध्ये सरकारी कर्ज जीडीपीच्या पाव हिश्श्याच्या आत. उधळपट्टीचा आरोप करावा असं ताळेबंदात काही नव्हतं. पण बँकांनी घरबांधणीत बेसुमार कर्जं दिली होती. सप्टेंबर २००८ अखेर सरकारनं त्यांच्या देण्यांना हमी दिली, बँका सावरायला पुढे ६४ अब्ज युरो गेले, २०१० ची तूट जीडीपीच्या ३० टक्क्यांवर पोचली आणि काही वर्षांत कर्ज १२० टक्क्यांच्या आसपास. खासगी कर्ज एका हमीनं सार्वजनिक झालं. तिथे वार्षिक उत्पन्नाशी गृहकर्जाचं प्रमाण बांधणारी मर्यादा आली ती २०१५ मध्ये! म्हणून बँकांचं भांडवल आणि कर्ज देण्याच्या मर्यादा यांत सरकारनं ठामपणे हात घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरीबाजू:
इथवर मान्य. पण यावरून ‘जितकं नियमन तितकं बरं’ असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानभाडी आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे. नव्या कंपनीला मार्ग मिळणं महाकठीण, जुन्यांना भाड्याची हमी. कायदा बदलल्यावर भाडी आणि मार्ग मोकळे झाले, सुरक्षेचे नियम जागेवरच राहिले. ही विभागणी महत्त्वाची. ज्याचं नुकसान तिऱ्हाइताला भोगावं लागतं (अपघात, प्रदूषण, बँक बुडणं) तिथे नियम हवेत. भाव आणि प्रवेश सरकारनं ठरवला की संरक्षण आत बसलेल्यांना मिळतं. शिवाय नियम पाळण्याचा बराचसा खर्च ठरावीक असतो. तो मोठ्या कंपनीला जाणवत नाही, लहान धंद्याला जड जातो.

भागभांडवल:
विभागणी पटली. पण बँकांचे नियम कुठे फसतात तेही बघा. बाझेल ३ या आंतरराष्ट्रीय बँकनियमांनुसार जोखीमभारित (म्हणजे जोखमीप्रमाणे भार लावून मोजलेल्या) मालमत्तेच्या ४.५ टक्के समभाग भांडवल आणि वर २.५ टक्क्यांची उशी लागते. या मोजणीत स्वतःच्या सरकारच्या रोख्यांना सहसा शून्य भार देतात. ते बुडणार नाहीत हे खरं, पण दर वाढले की त्यांचा भाव पडतो. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेनं नेमके लांब मुदतीचे रोखे भरून ठेवले होते, बरेचसे सरकारच्या हमीचे गृहकर्ज-रोखे. ‘मुदतीपर्यंत ठेवणार’ या वर्गात टाकल्यानं तोटा नफातोटापत्रकात आला नाही. २०२२ अखेर तो १५ अब्ज डॉलरच्या आसपास होता, आणि भागधारकांचं भांडवल १६ अब्ज. ९ मार्च २०२३ ला ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज काढले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. तो तोटा वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये छापलेला होता. कुठल्याही बँकेचा अहवाल हाती आला तर आधी ती टीप काढा आणि तो आकडा भांडवलाशेजारी ठेवून बघा.