मदत हवी आहे : उन्हाळ्याच्या दुपारी घरात मोठ्याने वाचायला ऐतिहासिक आणि साहित्यिक कादंबऱ्या (नागपूर)

पळसफूल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे पारा 44 च्या पुढे गेलाय आणि नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) अजून यायचाच आहे. दुपारी बारा ते पाच दारं-खिडक्या लावून कूलरसमोर बसण्याशिवाय इलाज नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटाशिवाय उघडत नाहीत. तेव्हा घरात असं ठरलंय की जेवणं आटोपली की एकीनं कादंबरी मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

ऐकणाऱ्यांची माहिती देते, म्हणजे सुचवायला सोपं जाईल. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, माहेर अचलपूरचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक टाइप वाचवत नाही, पण कान तल्लख आणि उच्चारातल्या चुका काढण्यात पटाईत. मुलीनं यंदा दहावी दिलीय. सेमी-इंग्लिशवाली आहे, त्यामुळे संस्कृत शब्दांची माळ लागली की तोंड पाडते. 'छावा' सिनेमा पाहिल्यापासून तिला कादंबरी हवी आहे, आणि प्रत्येक प्रसंगानंतर तिचा एकच प्रश्न: "हे खरंच असं झालं होतं का?" तिसरी मी. कॉलेजात 'स्वामी' वाचून रमाबाईंसाठी भरपूर रडलेली, पुढे नोकरी-संसारात वाचन सुटलेली.

विचारायचं हे की सुरुवात 'छावा'नेच करावी का? 'श्रीमान योगी' घरात आहे, पण हजारावर पानं मोठ्याने वाचायला घेतली तर दिवाळी उजाडेल. शिवाय नुसते राजे आणि लढाया नकोत, साहित्य म्हणून कसदार असं मध्ये मध्ये काहीतरी हवं. आणि शेवटचं: आपल्या नागपूरकर भोसल्यांचं, वऱ्हाडाचं काही आहे का? की सगळा इतिहास शनिवारवाड्याच्या आवारातच घडला?

बर्डीकर

आधी विकत घेत सुटू नका. विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय आहे, सीताबर्डीवर राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय आहे. मोठ्या ठोकळ्यांची पहिली पन्नास पानं घरच्यांना ऐकवून बघा, रमले तर विकत घ्या. आणि जायचं ते सकाळी दहाच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. पुस्तकापायी ऊन लागून पडाल.

जुनाट वाचक

मोठ्याने वाचायचं असेल तर निवडीची कसोटीच बदलते. मनात वाचताना आपण वर्णनांवरून भरभर पुढे सरकतो, तोंडाने वाचताना तसं करता येत नाही. 'छावा'ची भाषा अलंकारांनी लदलेली आहे. मनात वाचताना ती अंगावर येते, पण दीड तास मोठ्याने वाचून बघा, घशाला कोरड पडेल आणि लेक पेंगेल. शिवाजी सावंतच हवे असतील तर 'मृत्युंजय' (1967) घ्या. भाषा तिथंही भरजरीच आहे, पण कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे सहाजण आपापल्या तोंडाने बोलतात. तिघींनी पात्रं वाटून घ्यायची. सासूबाईंना कुंती द्या, त्या डोळ्यांनी वाचत नसल्या तर मुलीनं हळू सांगायचं आणि त्यांनी म्हणायचं. आमच्याकडे हा प्रकार माझ्या आईबरोबर झालाय, फार रंगतो. खांडेकरांच्या 'ययाति'तही (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात. अर्थात हे दोन्ही पुराणातलं, इतिहासातलं नव्हे. पण "खरंच झालं का" ह्या प्रश्नापासून थोडी सुट्टी तरी मिळेल.

इतिहासातलं म्हणाल तर ना. सं. इनामदार. रणजित देसाई आणि सावंत यांच्या गर्दीत हा माणूस मागे राहिला ह्याचं मला कायम वाईट वाटतं. इनामदारांनी सरळ देवमाणसं निवडलीच नाहीत. 'झेप' त्रिंबकजी डेंगळ्यावर, 'मंत्रावेगळा' दुसऱ्या बाजीरावावर, 'शहेनशहा' तर थेट औरंगजेबावर. ज्यांच्या नावाने आपण बोटं मोडतो त्यांच्या घरात शिरून बघायचं. संवाद चटपटीत, प्रकरणं वेगवान. 'राऊ' (1972) तर उन्हाळ्यातच वाचावी. थोरला बाजीराव वारला तो 1740 च्या 28 एप्रिलला, नर्मदेकाठी रावेरखेडीला, अशाच उकाड्यात. सिनेमा पाहून ज्यांना मस्तानी कळली असं वाटतं त्यांनी काशीबाईसाठी वाचावी.

कागदपत्रे

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलगी "खरंच झालं का" विचारते आहे तर तिच्या हातात कादंबरी कशाला देता? पानिपत समजून घ्यायचं तर त्र्यं. शं. शेजवलकर वाचा. कादंबरीकार दोन पत्रांमधल्या रिकाम्या जागेत मनचं भरतो आणि पुढच्या पिढीला तेच पाठ होतं. लोक वादात कादंबरीतले संवाद पुरावा म्हणून देतात, इतकी वेळ आली आहे.

फळा-खडू

कागदपत्रे, दुखणं बरोबर, औषध चुकलं. दहावीच्या मुलीला मेच्या दुपारी शेजवलकर दिलेत तर ती इतिहासही सोडेल आणि वाचनही. रिकामी जागा कुठे आहे हे ओळखायला शिकवणं जास्त उपयोगाचं. मी वर्गात हे करते: प्रसंग वाचला की विचारायचं, इथं दोनच माणसं खोलीत होती, मग त्यांचं बोलणं कोणी ऐकलं? पोरं स्वतःच म्हणतात, "म्हणजे लेखकानं रचलं." लढाईची तारीख, तहाची कलमं, कोण कुठे मेलं हे बाहेर तपासता येतं. रात्रीच्या एकांतातलं बोलणं तपासता येत नाही. एवढा फरक कळला की पुरे.

पळसफूल, तुमच्या घरच्या 'श्रीमान योगी'ला एक तोड आहे. अख्खी नका वाचू. सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेलं आहे, तेवढं दोन-तीन दुपारी वाचा. शिवाजी महाराजांकडे भक्ताच्या नव्हे तर अभ्यासकाच्या नजरेनं कसं बघायचं, कुठल्या साधनावर किती विसंबायचं, हे त्यात आहे. माझ्या मते मराठी ऐतिहासिक कादंबरीभोवतीचं सगळ्यात मोलाचं लेखन ते पत्रच आहे. तुमच्या मुलीचा प्रश्न कुरुंदकरांनी आधीच विचारून ठेवलाय.

मग विश्वास पाटलांची 'पानिपत' (1988). जाड आहे, पण पळते. ती संपली की लगेच इनामदारांची 'शिकस्त' घ्या. 14 जानेवारी 1761 ला रणांगणात काय झालं ते पहिलीत, आणि सदाशिवरावभाऊ गेला हे मानायला तयार नसलेल्या पार्वतीबाईचं पुढचं आयुष्य दुसरीत. पुरुषांची लढाई एका दिवसात संपली, तिची किती वर्षं चालली बघा.

महालवाला

पळसफूलताई, शनिवारवाड्याचा टोमणा आवडला. आमचं आख्खं बालपण नागपूरच्या महाल भागात गेलं आणि शाळेत इतिहास पुण्याचा शिकलो!

कादंबऱ्यांमध्ये नागपूरकर भोसले बहुधा पुण्याला त्रास देणारे म्हणून येतात. त्यात तथ्य नाही असं नाही. 1763 साली निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं तेव्हा आपले जानोजी त्याच्या बाजूला होते, आणि पुढं राक्षसभुवनच्या लढाईच्या वेळी त्यांनी बाजू बदलली. माधवराव पेशव्यांनी शेवटी त्यांना 1769 च्या कनकापूरच्या तहात बांधून घेतलं. 'स्वामी' परत वाचणार असाल तर ह्यावेळी जानोजींच्या बाजूनं विचार करत वाचा, वेगळीच कादंबरी होते.

पण तुम्हाला खरी हवी ती नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (1997). खरे नागपूरचेच, धंद्यानं सिव्हिल इंजिनियर. 'उद्या' कादंबरीला साहित्य अकादमी मिळालं तेव्हा नम्रपणे नाकारलं, ते हेच. अंताजी नावाचा एक बेरकी, जरा भित्रा, पोटार्थी माणूस स्वतः आपली हकिकत सांगतो आणि नागपूरकरांच्या बंगालच्या स्वाऱ्या आपल्याला त्याच्या डोळ्यांनी दिसतात. रघुजी भोसल्यांच्या फौजा 1740 च्या दशकात बंगालवर वारंवार गेल्या. त्यांचा सरदार भास्करराम कोल्हटकर ह्याला 1744 साली बंगालचा नवाब अलिवर्दीखानानं बोलणीला बोलावून दगा देऊन मारलं. 1751 च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख चौथाई पदरात पडली. हे आपण अभिमानानं सांगतो. पण बंगालात आजही अंगाईत 'बर्गी आले' म्हणतात, आणि ते बर्गी म्हणजे आपणच. तुमच्या लेकीला हे सांगून बघा. "खरंच झालं का?" ह्यावर उत्तर द्यायला तुमचीच दुपार कमी पडेल.

पुढचा भाग 'बखर अंतकाळाची' (2010). मराठी राज्य बुडतं तिथपर्यंत. तो वाचून झाला की एका सकाळी लवकर सीताबर्डीच्या टेकडीकडे बघत उभं राहा. 1817 च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज तिथंच हरली.

बर्डीकर

+1. अंताजी म्हणजे बाप्पा, हसून हसून पोट दुखतं आणि मग अचानक हसू थांबतं.

उन्हाळी लिंबू

सगळे तलवारीच उपसून राहिले, साहित्यिक कोणी सांगेना. मी सांगते.

उद्धव शेळके यांची 'धग' (1960). सासूबाईंचं माहेर अचलपूर ना? मग हीच. संवाद अस्सल वऱ्हाडी, त्या ऐकतील आणि मध्येच तुमचा उच्चार सुधारतील. कौतिक नावाची बाई, नवरा महादेव शिंपीकाम करणारा पण कुठेच टिकून न राहणारा, आणि तिची पोरं सांभाळत चाललेली झुंज. राजा नाही, किल्ला नाही, तरी मला ही कुठल्याही ऐतिहासिक कादंबरीहून जास्त शूर वाटते. फक्त एक, दुःखाची आहे. लागोपाठ दोन दुपारी वाचू नका, मध्ये एक दिवस आंब्याचा रस करा.

त्यानंतर पातळ पुस्तकं. माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955): माणदेशातल्या धनगरवस्तीवर आलेला पोरसवदा मास्तर. वाक्यं इतकी साधी की सेमी-इंग्लिशवालीला एकदाही अडखळायला होणार नाही. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959): हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट, पण गावकुसाबाहेरून सांगितलेली. अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला आहे. आणि विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (1939): युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेलं जहाज, त्यावर नाझींच्या राज्यातून सुटलेली माणसं, चक्रधर आणि हॅर्टा. दुसरं महायुद्ध तोंडावर असताना लिहिलेली, म्हणून तेव्हाची आजची गोष्ट आता ऐतिहासिक झाली. ही मात्र मोठ्यानं वाचू नका. मुलीला एकटीला वाचू द्या.

जुनाट वाचक

'रणांगण'ला शंभर टक्के अनुमोदन. आणि गोनीदा कसे विसरलो आपण? गो. नी. दांडेकर जन्माने परतवाड्याचे, म्हणजे सासूबाईंच्या माहेराला लागूनच. 'हरहर महादेव', 'झुंजार माची', 'हे तो श्रींची इच्छा' ही शिवकालीन मालिका बेताच्या आकाराची आहे आणि जुन्या वळणाची मराठी तोंडात घोळवायला मजा येते. मुलगी कुरकुरेल, पण ऐकेल.

पळसफूल (धागाकर्ती)

किती दिलंत तुम्ही! काल रात्री अख्खा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. गोनीदा परतवाड्याचे म्हटल्यावर त्या उठूनच बसल्या. कर्ण-कुंती प्रकरणावर त्यांचं म्हणणं, "मला कुंती नको, ती लेकराला पाण्यात सोडते. मी दुर्योधन करीन."

सध्या असं ठरलंय: कुरुंदकरांचं पत्र, मग 'बनगरवाडी', मग 'अंताजीची बखर'. नवतप्यात 'राऊ'. 'धग' पाऊस पडल्यावर, हा सासूबाईंचा निर्णय. 'छावा' लेक स्वतः वाचणार, आणि ज्या खोलीत दोनच माणसं असतील तिथं पेन्सिलीनं खूण करणार. फळा-खडू, ही तुमची करणी.

एक शंका उरली. अंताजी सोळा वर्षांच्या मुलीसमोर मोठ्यानं वाचण्यासारखा आहे ना? बर्डीकर "हसून पोट दुखतं" म्हणाले म्हणून विचारते.

महालवाला

अंताजी साधुसंत नाही, लढाईत आणि लढाईमागं जे होतं ते तो बघतो आणि सांगतो. दोन-चार ठिकाणी तुम्हाला घसा खाकरावा लागेल. तुम्ही आदल्या रात्री दुसऱ्या दिवशीची पानं चाळून ठेवा. भाषा जुन्या बखरीच्या ढंगाची पण तिरकस आहे. पहिली वीस पानं धीर धरा, मग कान बसतो. सासूबाईंना तर लगेच आवडेल.

कागदपत्रे

पेन्सिलीची खूण पसंत. शेजवलकर दिवाळीत घ्या मग.

उन्हाळी लिंबू

'धग' पावसाळ्यापर्यंत थांबवताय तर आत्ताच कुठे दिसली की घेऊन ठेवा. माझी प्रत एका मैत्रिणीनं "दोन दिवसांत देते" म्हणून नेली, आता तिच्या मुलीचं लग्न आहे आणि मी आहेराबरोबर पुस्तकाची आठवण कशी करू ह्या विचारात आहे.