सहकारनगरमधील जुन्या घराची पुनर्रचना: अकरा माणसांसाठी काय पाडावे आणि काय राखावे?

ओसरी_हवी (धागा काढणारी)

नमस्कार. आमचे घर पुण्यात सहकारनगरमध्ये आहे. तळमजला आजेसासऱ्यांनी १९६८ साली बांधला आणि वरचा मजला सासऱ्यांनी १९८६ साली चढवला. जोते काळ्या दगडाचे, भिंती नऊ इंची विटांच्या, खाली मोझॅक आणि मागच्या पडवीत शहाबादी फरशी, दारे-चौकटी सागवानी. कॉलम-बीमचा सांगाडा नाही, भिंतींवरच सारे घर उभे आहे. घरात सासू-सासरे, आत्तेसासूबाई, आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि चार मुले अशी अकरा माणसे राहतात.

माणसे स्वस्थ बसणारी नाहीत. सासरे रोज पहाटे तळजाईवर जातात, दिरांच्या दोन सायकली आहेत, दोन मुले पोहायला आणि एक बॅडमिंटनला जाते, आणि महिन्यातले दोन रविवार तरी सिंहगड ठरलेला असतो. पावसाळ्यात चिखलाने भरलेले बूट, ओले टॉवेल आणि सायकलींची चाके हे सगळे समोरच्या दारातून थेट बैठकीच्या खोलीत येते. न्हाणीघर आणि संडास खाली एकेक, वर एकेक, आणि सकाळी सहा ते साडेसात या वेळात त्यांच्यासाठी रांग लागते.

आम्हांला ज्यांनी आराखडा करून दिला, त्यांचा सल्ला असा की, बैठकीची खोली आणि माजघर यांमधली चौदा फूट लांबीची भिंत काढून एकच मोठा दिवाणखाना करावा, आणि संडास व न्हाणीघर एकत्र करून वर-खाली ऐसपैस बाथरूम करावीत. खर्चाची मर्यादा ३५ लाख आहे. भिंत काढणे सुरक्षित आहे का, आणि अशा कुटुंबासाठी नेमके काय आधी करावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. घर पाडून नवे बांधण्याचा सल्ला देऊ नये, तो नातेवाइकांकडून पुरेसा मिळाला आहे.

ओळंबा

मी बांधकाम अभियंता म्हणून काम केले आहे, आता निवृत्त आहे. तुमच्या घराबद्दल न पाहता ठाम विधान करणे योग्य नव्हे, म्हणून तपासायचे काय तेवढे लिहितो.

पहिला प्रश्न असा की, त्या चौदा फुटी भिंतीच्या डोक्यावर १९८६ सालच्या मजल्यावरही भिंत आहे का? असेल, तर दहा फूट उंचीच्या त्या एका वरच्या भिंतीचेच वजन साधारण साडेपाच टन भरते. त्याशिवाय दोन्ही बाजूंचे स्लॅब त्याच भिंतीवर टेकलेले असण्याचा संभव आहे. अशी भिंत काढता येत नाही असे नाही. दोन्ही अंगांनी टेकू लावून, भिंतीत भोके पाडून आडव्या तुळया सरकवून, वरचा भार त्यांवर घेऊन मग लोखंडी गर्डर बसवतात आणि गर्डर व वरचे विटकाम यांतील फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मसाल्याने) गच्च भरतात. परंतु गर्डरच्या दोन टोकांना आता सगळा भार एकवटतो, आणि जो पाया आजवर चौदा फुटांवर पसरलेला भार घेत होता त्याने तो दोन ठिकाणी पेलला पाहिजे. आराखडा करणाऱ्यांना याचे गणित कागदावर मागा. मिस्त्री ‘मी अशा वीस भिंती काढल्या आहेत’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे चहा पाजून परत पाठवा.

दुसरे, पाया. एकमजली घराचा पाया दुसरा मजला चढवताना कोणी उघडून पाहिला होता का, हे सासऱ्यांना विचारा. भिंतीलगत एक खड्डा घेऊन दगडी पाया किती खोल आहे आणि तो मुरमावर टेकला आहे की काळ्या मातीवर, हे एका दिवसात कळते. ओढ्याच्या बाजूची जमीन असेल, तर हे टाळू नका.

तिसरे, स्लॅब. १९६८ सालच्या स्लॅबच्या सळ्यांवर काँक्रीटचे आवरण किती आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. न्हाणीघराखालच्या आणि गच्चीलगतच्या छतावर हातोडीने हलके ठोकून पाहा. आवाज पोकळ आला, तपकिरी डाग किंवा सळीच्या रेषेत सरळ भेग दिसली, तर आतली सळी गंजून फुगली आहे असे समजावे. रिबाउंड हॅमरची (काँक्रीटवर टेकवून त्याचा कठीणपणा मोजणाऱ्या उपकरणाची) चाचणी स्वस्त आहे, पण तिने फक्त पृष्ठभागाचा अंदाज येतो. दोन-चार ठिकाणी आवरण फोडून सळी प्रत्यक्ष पाहणे अधिक खात्रीचे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात तीस वर्षे वापरात असलेल्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद आहे, तेव्हा हे ऑडिट तसेही करायचेच आहे.

गच्ची गळते का, हे तुम्ही लिहिले नाही. गळत असेल, तर जुन्या कोब्यावर (पाणी अडवण्यासाठी गच्चीवर घातलेल्या थरावर) दुसरा कोबा टाकू देऊ नका. विटांच्या तुकड्यांचा साडेचार इंची कोबा दर चौरस फुटाला वीस किलोच्या आसपास वजन देतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ते वीस टन होते आणि पुण्यातल्या कितीतरी जुन्या घरांवर असे दोन-दोन थर आहेत. आधी जुना काढावा, मगच नवा करावा.

परवानगीबाबत थोडक्यात: गिलावा, फरशी, रंग अशा कामांना महापालिकेची परवानगी लागत नाही, मात्र भार घेणारी भिंत काढणे किंवा बांधकाम वाढवणे यांसाठी परवानाधारक अभियंत्यामार्फत अर्ज करावा लागतो. जागा सोसायटीची असल्यास तिचे ना हरकत पत्रही लागेल.

दोन_पिढ्या_एक_मोरी

ओळंबा यांनी भिंत कशी काढावी ते सांगितले आहे. ती काढावीच का, हा माझा प्रश्न आहे. आमच्या घरी नऊ माणसे आहेत आणि आम्ही सात वर्षांपूर्वी अशीच भिंत काढून दिवाणखाना मोठा केला. गणपतीचे दहा दिवस तो अप्रतिम दिसतो. उरलेले ३५५ दिवस एका कोपऱ्यात दूरदर्शन संच, दुसऱ्या कोपऱ्यात अभ्यास आणि मध्ये फोनवर बोलणारे कोणीतरी, असे असल्यामुळे तिथे कोणीच बसत नाही. माजघराला दार होते, याची किंमत आम्हांला नंतर कळली.

तुमच्या पत्रातली खरी अडचण सकाळच्या रांगेची आहे आणि त्या रांगेवर तुमचा आराखडा उलटे औषध देत आहे. आज संडास आणि न्हाणीघर वेगळे असल्यामुळे एका मजल्यावर एकाच वेळी दोन माणसांची सोय होते. दोन्ही एकत्र केले की, आत एक माणूस गेला म्हणजे दोन्ही अडले. जुन्या लोकांनी ती रचना सोवळ्या-ओवळ्यासाठी केली असेल, पण मोठ्या कुटुंबाला ती फार सोयीची आहे. ती राखा. त्यात एक भर घाला: तोंड धुण्याचे बेसिन बाहेर, बोळात आणा, शक्य असल्यास दोन. दात घासणारा आणि दाढी करणारा माणूस न्हाणीघराबाहेर पडला की रांग निम्मी होते.

आमच्याकडे ठेकेदाराने माझे न ऐकता वरच्या मजल्यावरचे नवे न्हाणीघर खालच्या शयनगृहावर आणले. जुन्या स्लॅबला खोलगट भाग नसतो, त्यामुळे पाइप घालण्यासाठी फरशी आठ इंच उचलावी लागली आणि आज तिथे पायरीला प्रत्येक पाहुणा ठेचकाळतो. खाली ओल आली ती वेगळीच. वरची मोरी खालच्या मोरीवरच असावी. जुन्याच नळांच्या रेषेत एक जादा संडास बसत असेल, तर तोच बसवा. भर घालावीच लागली, तर विटांचे तुकडे न घालता हलक्या एएसी ब्लॉकचे (सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचे) तुकडे घालावेत.

मागच्या पडवीविषयीही लिहिते, कारण शहाबादी फरशीची ती पडवी तुमच्या घरातली सर्वांत मोलाची जागा आहे, असे मला वाटते. वाड्यांतून माणूस पाय धुऊन आत येत असे. सायकली, बूट आणि ओले कपडे बाजूच्या बोळातून थेट मागे जातील असे पाहा. पडवीत कंबरेइतक्या उंचीचा एक नळ, खाली चार फूट लांबीची उथळ मोरी, बसायला दगडी कट्टा, भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची खुंटी, सायकली टांगायला दोन आकडे आणि छताला कप्पीवर खालीवर होणाऱ्या वाळत घालण्याच्या दांड्या, एवढे केले तर चिखल बैठकीपर्यंत पोहोचणारच नाही. धुण्याचे यंत्रही तिथेच. या साऱ्याला भिंत काढण्याच्या खर्चाचा छोटा हिस्सा लागेल.

गुरुवारचे_पाणी

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त पाण्याचे गणित जोडतो. दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर अकरा माणसांना दिवसाला सुमारे १,५०० लिटर लागतात आणि खेळून-पोहून येणारी मंडळी दोनदा आंघोळ करतात. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने, हे पुणेकरांना सांगायला नको. तेव्हा जमिनीखालची टाकी ३,००० लिटरहून लहान असू नये. गच्चीवरच्या टाक्या स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतींच्या बरोबर वर ठेवा, कारण भरलेली हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन असते.

जुने जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. नवा शॉवर आणून बसवला तरी धार बारीकच पडेल. ते सगळे बदला आणि भिंत बंद करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. वायरिंगचेही तेच. पट्टीवरचे जुने वायरिंग असेल, तर त्याला अर्थिंग बहुधा नसेल. ते नव्याने करून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्यावा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्या गल्लीत पाणी शिरले होते. तुमचे घर त्या बाजूला असेल, तर तळमजल्यावरचे मीटर, पंपाचा स्टार्टर आणि पडवीतले प्लग छातीच्या उंचीवर घ्या. राडारोडा कुठे जातो तेही ठेकेदाराला विचारा, कारण तो रात्री ओढ्यातच टाकणारे लोक आहेत आणि मग त्या ओढ्याला आपण नावे ठेवतो.

ओसरी_हवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या भिंतीवर वरच्या मजल्यावरही भिंत आहे, हे आज मोजपट्टी घेऊन पाहिले. आराखडा करणाऱ्यांनी ते विचारात घेतले होते का, असे विचारले असता ‘ते साइटवर बघू’ असे उत्तर मिळाले. सासऱ्यांच्या म्हणण्यानुसार १९८६ साली पाया उघडला नव्हता. म्हणून भिंतीचा विषय आम्ही तूर्त तहकूब केला आहे आणि पुढच्या आठवड्यात पायाचा खड्डा घेणार आहोत.

एक प्रश्न राहतो. आत्तेसासूबाई ७९ वर्षांच्या आहेत आणि त्यांची खोली वर आहे. त्यांना खाली आणायचे, तर माजघरच द्यावे लागेल, मग मुलांच्या अभ्यासाचे काय? आणि घर चालू ठेवून काम करावे की चार महिने भाड्याने बाहेर राहावे?

दोन_पिढ्या_एक_मोरी

माजघर त्यांना द्या, न काढलेली भिंत इथे उपयोगी पडली. न्हाणीघराचे दार जुन्या घरांत सव्वादोन फुटांचे असते, ते तीन फुटांचे करून बाहेर उघडणारे ठेवा, म्हणजे कोणी आत पडल्यास दार अडणार नाही. उंबरठा काढा आणि संडासात आधाराची दांडी भिंतीत पक्की रोवा. त्यांना त्याबद्दल आधी विचारा मात्र, माझ्या सासूबाईंना ‘म्हातारीची दांडी’ फार लागली होती. त्यांची वरची खोली रिकामी होईल, ती मुलांच्या अभ्यासाची. बैठकीतला गोंगाटही तिथवर पोहोचणार नाही.

ओळंबा

दसऱ्यानंतर सुरुवात करा आणि गच्चीचे काम मार्चअखेर संपवा. मजले दोन असल्यामुळे बाहेर राहण्याची गरज नाही, आधी वरचा मजला पूर्ण करून सगळ्यांनी वर जावे आणि मग तळमजला घ्यावा. अपवाद एवढाच की, नळ बदलताना आठ-दहा दिवस पाणी तुटते, ते दिवस शाळेच्या सुट्टीत धरावेत. ठेकेदाराशी करार मोजमापावर करा, रक्कम टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के पहिला पाऊस पडून गच्ची कोरडी राहिल्यावर द्या.

ओसरी_हवी

पहिल्या पावसाची अट सासऱ्यांना फारच आवडली. मोझॅकविषयी विचारायचे राहिले: ठेकेदार ते काढून व्हिट्रिफाइड टाइल्स घालायला सांगत आहेत.

गुरुवारचे_पाणी

फरशी कुठे खचली नसेल, तर काढू नका. मशिनने घासून पॉलिश केली की पुन्हा नवी दिसते, आणि ओल्या पायांनी पळणारी मुले गुळगुळीत टाइल्सवर अधिक घसरतात. काही फरश्या फुटल्या असल्यास आत्तेसासूबाईंच्या पलंगाखालच्या चांगल्या फरश्या काढून तिथे बसवाव्यात आणि पलंगाखाली काहीही साधे घालावे.